बेळगावहून पोर्तुगाल: आठ रात्री, तीन शहरं, एकच रेल्वेमार्ग

माझ्या सासूबाईंचं माहेर डिचोलीचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील कचेरीत कारकून होते, त्यांना पोर्तुगीज लिहिता-वाचता यायचं. घरात मात्र मराठी पोथ्या आणि कोकणी बोलणं. लग्न होऊन त्या घाट चढून बेळगावला आल्या आणि पन्नास वर्षं इथंच रमल्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्यावर राज्य केलं त्यांचं गाव कसलं हाय ते एकदा बघायचं होतं." त्या वाक्यावरून आमची तयारी सुरू झाली. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे सासूबाई, आमचे हे, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी, लिस्बन, कोइंब्रा आणि पोर्तो बघून आलो.

तेव्हापासून शहापूरपासून निपाणीपर्यंतचे ओळखीचे लोक विचारतात, "वैनी, टूर कंपनीशिवाय कसं जमवलं?" त्या सगळ्यांसाठी हे क्रमानं लिहिते आहे. देश दुसरा असला तरी क्रम हाच चालेल.

आधी रात्री मोजा

आमचा पहिला बेत असा होता: लिस्बन, सिंत्रा, एव्होरा, फारो, कोइंब्रा, पोर्तो आणि एवढं लांब जातोच आहोत तर माद्रिदसुद्धा. कागदावर छान दिसत होतं. मग मुलीनं एका वहीत चौकोन आखले, प्रत्येक चौकोन म्हणजे एक रात्र, आणि म्हणाली, "आई, आता ह्यात शहरं बसव." तेव्हा लक्षात आलं की शहर बदलायचं म्हटलं की अर्धा दिवस जातोच. बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीची वाट बघा, उतरून नवीन पत्ता शोधा. त्यात तिकडे खोली दुपारी दोन-तीनच्या आधी ताब्यात मिळत नाही. सात ठिकाणं म्हणजे तीन दिवस नुसते बॅगा ओढण्यात.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मोठ्या शहरात किमान तीन रात्री. आणि सगळी शहरं एकाच रेल्वेमार्गावर, म्हणजे आलेल्या वाटेनं परत फिरायला लागू नये. पोर्तुगाल याला अगदी सोयीचा. लिस्बनहून उत्तरेला जाणाऱ्या लोहमार्गावर मध्ये कोइंब्रा आणि टोकाला पोर्तो. लिस्बन ते पोर्तो अंतर आपल्या बेळगाव-पुण्यापेक्षा थोडं कमीच आणि जलद गाडी साधारण तीन तासांत पोचवते. सिंत्रा लिस्बनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, तिथं मुक्काम लागत नाही. एव्होराचं रोमन देऊळ, फारोचा समुद्र आणि माद्रिद आम्ही सोडून दिलं. सोडताना वाईट वाटलं, पण सासूबाईंचे गुडघे आणि आठ रात्री यांचा हिशेब दुसरा कुठला येत नव्हता.

अंतिम वाटणी: लिस्बन चार, कोइंब्रा एक, पोर्तो तीन.

आता हे वारांवर बसवा, कारण वार चुकला की दार बंद दिसतं. शुक्रवारी रात्री बेळगाव सोडलं, शनिवारी मुंबई, त्या रात्रीचं विमान, रविवारी दुपारी लिस्बन. रविवार ते बुधवार लिस्बनला, गुरुवारी कोइंब्रा, शुक्रवार ते रविवार पोर्तो, सोमवारी परतीचं विमान, मंगळवारी मुंबई, बुधवारी सकाळी घरी. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्याला यात आठ दिवसांची रजा टाकावी लागते.

महिना कुठला? कर्नाटकातल्या शाळांना दोन मोठ्या सुट्ट्या, एप्रिल-मेची आणि दसऱ्याची. नशिबानं पोर्तुगालला हवा बरी असते ते हेच महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही जास्त. हिवाळ्यात पोर्तोला पाऊस लागून राहतो. आपल्याला जुलैतल्या बेळगावच्या झडीची सवय आहे हे खरं, पण तिकडचे रस्ते बारीक गुळगुळीत दगडांचे आणि चढाचे. ओले झाले की पाय घसरतो.

पासपोर्ट: नाव एकसारखं करून घ्या

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून सहा महिने आधी सुरुवात करा.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. एवढं सोपं आहे. अवघड आहे ते नावाचं. आपल्याकडे एकाच माणसाची कागदपत्रं तीन पद्धतींची असतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. दुसऱ्या शाळेच्या दाखल्यावर नुसती आद्याक्षरं आणि नाव. आधारवर तिसरंच. आमच्या मुलीच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी एक अक्षर होतं आणि तेच पुढं चालत आलं होतं. दुरुस्तीला सात आठवडे गेले. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नको. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. सासूबाईंच्या जुन्या कागदांवर इंग्रजीत 'बेलगाम', नव्या आधारवर 'बेळगावी'. यात चूक कुणाचीच नाही, पण परदेशी कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटू शकतात. आम्ही अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ घातली की ही एकाच शहराची जुनी आणि नवी नावं आहेत. कुणी काही विचारलं नाही.

कन्नड किंवा मराठीत असलेली कागदपत्रं, लग्नाचा दाखला असो की जमिनीचा पहाणी उतारा, इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. ज्यांचं एक घर चंदगडला आणि एक खानापूरला, त्यांच्याकडे सातबारा आणि पहाणी दोन्ही असतात. दोन्हींचं भाषांतर जोडा, कारण 'हा माणूस घरी परत येणार' याचा जमीन हा चांगला पुरावा आहे.

व्हिसा आणि बँकेतले पैसे

पोर्तुगाल शेंगेन देशांत येतो, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात. नियम असा की जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथं आधी पाय ठेवणार त्या देशाकडे. आमचं विमान फ्रँकफर्टमार्गे होतं, तरी आठही रात्री पोर्तुगालच्या, म्हणून अर्ज पोर्तुगालकडेच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, मार्च-एप्रिलमध्ये वेळाच मिळत नाहीत.

फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, बोटांचे ठसे तिथंच घेतात, म्हणजे ज्यानं-त्यानं स्वतः जायला हवं. पणजीत पोर्तुगालची वकिलात आहे, तेवढ्यावरून पणजी गृहीत धरू नका. आपला पत्ता कर्नाटकचा आहे, आधी वेबसाइटवर तो घालून कुठलं केंद्र लागू होतं ते बघा आणि मगच गाडी ठरवा.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पंचाहत्तरीजवळच्या माणसाचा विमा महाग पडतो, तो आधीच हिशेबात धरा. अर्जाला विमानाचं आणि मुक्कामाचं आरक्षण जोडावं लागतं, पण व्हिसा हातात येईपर्यंत जे रद्द करून पैसे परत मिळतील तेवढंच घ्या. स्वस्तात मिळतंय म्हणून परत न होणारं तिकीट आधी काढणं हा जुगार आहे, तो खेळू नका.

आता पैशांचं. आपल्याकडे कष्टाचा पैसा बँकेपेक्षा सोसायटीत आणि पिग्मीत जास्त असतो. रोज दुकानावर पिग्मीवाला येतो, वर्षाला चांगली रक्कम साठते, पण व्हिसाच्या टेबलावरचा माणूस बघतो ते बँकेचं स्टेटमेंट. आमच्या ह्यांचं छोटं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न आमचाच होता. उपाय एकच: ठेव मोडायची तर पाच-सहा महिने आधी मोडा आणि पैसे बँकेच्या खात्यात शांतपणे राहू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम तीन लाख जमा झाले की ते उसने आणल्यासारखे दिसतात. सोसायटीच्या ठेवीची पावती भाषांतरासह जोडली तर आधार म्हणून चालते. सोबत आयकराची विवरणपत्रं, नोकरदाराला रजा मंजूर झाल्याचं पत्र, दुकानदाराला परवाना किंवा जीएसटीची नोंद. पोर्तुगालच्या नियमात माणशी प्रवेशाला ७५ युरो आणि शिवाय रोजचे ४० युरो एवढी ऐपत दाखवायची असते. ही किमान रक्कम; खात्यात याहून बरंच जास्त असलेलं बरं.

अर्जासोबत एक पानाचं पत्र आम्ही स्वतः लिहिलं: कोण आहोत, कोणत्या रात्री कुठल्या शहरात, खर्च कोण करणार, घरी परत यायला काय काय आहे. सासूबाईंच्या पत्रात डिचोलीचं एक वाक्य होतं. ते नियमानं लागत नव्हतं, त्यांच्या समाधानासाठी घातलं.

विमान आणि सांब्र्याचा प्रश्न

भारतातून लिस्बनला थेट विमान नाही, एकदा तरी बदलावं लागतं. तिकीट शोधताना जायचं लिस्बनला आणि परतीचं पोर्तोहून असं 'मल्टी-सिटी' शोधा. दोन-चार हजार जास्त पडले तरी पोर्तोहून लिस्बनला मागं यायचा अर्धा दिवस आणि गाडीभाडं वाचतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर थांबा, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि भारतीय पासपोर्टला तिथं नुसतं विमान बदलायलासुद्धा वेगळा व्हिसा लागू शकतो.

फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदललं तर युरोपात प्रवेशाची तपासणी तिथंच होते, लिस्बनला नाही. आम्हाला पासपोर्टवर शिक्का मिळाला होता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, चेहऱ्याचा फोटो घेतात. रांग लांबते, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा.

मुंबईला कसं पोचायचं? सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमान आहे, तासाभराचा प्रवास. पण मुंबईचं तिकीट वेगळं आणि युरोपचं वेगळं असलं, आणि सांब्र्याचं विमान धुक्यापायी उशिरा सुटलं, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात. पावसाळ्यात तर ही शक्यता धरूनच चाला. आम्ही शुक्रवारी रात्रीच्या स्लीपर बसनं गेलो, शनिवारचा दिवस नातेवाइकांकडे काढला, सासूबाईंना दुपारी झोपता आलं. बंगळूरहून विमान घेणाऱ्यांना राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे; तिथंही मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा.

गाडी आणि मुक्काम

पोर्तुगालच्या रेल्वेला सीपी म्हणतात. लांब पल्ल्याच्या दोन गाड्या आपल्या कामाच्या: आल्फा पेंदुलार जलद, इंतरसिदादिश थोडी सावकाश आणि स्वस्त. आरक्षण साधारण साठ दिवस आधी उघडतं आणि लवकर घेणाऱ्याला मोठी सूट असते. त्या तारखेचा गजर लावून ठेवा. पासष्टीच्या पुढच्यांना निम्मं तिकीट, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. आपल्याकडे रेल्वेची ज्येष्ठांची सवलत बंद झाल्यापासून सासूबाई नाराज होत्या. तिकडे परक्या देशानं ती दिली याचा त्यांना फार आनंद झाला.

लिस्बनला सांता अपोलोनिया आणि ओरिएंत अशी दोन स्टेशनं आहेत, मुक्काम कुठं आहे ते बघून जवळचं घ्या. कोइंब्राला गाडी 'कोइंब्रा-बी' स्टेशनावर थांबते, ते गावाबाहेर आहे, टॅक्सी करा. पोर्तोला गाडी कांपान्याला सोडते. तिथून साँव बेंतो हे गावातलं स्टेशन लोकलनं पाच मिनिटांवर, आणि त्याला लांब पल्ल्याचंच तिकीट चालतं.

मुक्काम निवडताना तीनच गोष्टी बघा. मेट्रोपासून पायी पाच-सात मिनिटं, तेही सपाट. लिफ्ट आहे का, कारण जुन्या इमारतींत ती नसते आणि जाहिरातीत 'तिसरा मजला' म्हटलं की खरंच तीन जिने चढायचे असतात. आणि स्वयंपाकघर. अल्फामा ही लिस्बनची जुनी वस्ती फोटोत सुंदर दिसते, पण बॅगा आणि म्हातारं माणूस घेऊन तिथं राहू नका. तिथं फिरायला जा, राहायला खालच्या सपाट बाय्शा भागात किंवा मेट्रोजवळ राहा. भाड्याव्यतिरिक्त पर्यटन कर पडतो: लिस्बनला माणशी रात्रीला ४ युरो, पोर्तोला ३. चार माणसांचा लिस्बनचाच कर ६४ युरो झाला.

लिस्बनचे चार दिवस

विमानतळ गावातच आहे, मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते. यंत्रातून प्रत्येकाचं वेगळं 'नाव्हेगांत' कार्ड घ्या, अर्ध्या युरोला मिळतं, त्यात पैसे भरून मेट्रो, ट्राम, बस, सगळीकडे टेकवायचं. एका कार्डावर चौघं जाता येत नाही. पहिला दिवस नुसता नदीकाठी फिरण्यात घालवा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, त्यामुळे संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतात, पण बाहेर तेव्हा लख्ख उजेड असतो.

सोमवारी जुनं गाव. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा आल्या, मग आगी लागल्या आणि लिस्बन जवळजवळ संपलं. पोंबालचा मार्किस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्यानं ते सरळ, आखीव रस्त्यांनी पुन्हा उभं केलं, घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, धक्का सोसायला. बाय्शात उभं राहिलं की ती आखणी दिसते आणि शेजारच्या टेकडीवर अल्फामाचे वाकडेतिकडे बोळ. किल्ला वर आहे. २८ नंबरची जुनी ट्राम सगळ्यांनाच हवी असते, म्हणून खिसेकापूही तीच निवडतात. पर्स पुढं धरा, पासपोर्ट खोलीवर ठेवा, जवळ झेरॉक्स ठेवा.

मंगळवारी बेलें, म्हणजे पूर्वी जहाजं सुटायची तो लिस्बनचा नदीकाठ. सोमवारी जेरोनिमुशचा मठ बंद असतो, म्हणून हा क्रम. १५ नंबरची ट्राम थेट नेते. मठाच्या ओवऱ्यांना तिकीट आहे, ते ऑनलाइन घ्या; लागून असलेलं चर्च मात्र फुकट, त्याची रांग वेगळी. शिरल्या शिरल्या दोन्ही बाजूंना दोन कबरी, एक वास्को द गामाची आणि एक कामोइश या कवीची, जो स्वतः गोव्यात राहून गेला होता. वास्को द गामा १५२४ ला कोचीत वारला, त्याची हाडं नंतर पोर्तुगालला नेली. हा मठ बांधायला पैसा आला तो आपल्याकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. सासूबाई त्या कबरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "मिरी आमची नेली आणि मिरची देऊन गेले." खरंच आहे. मिरची, तंबाखू, काजू, अननस आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून. संकेश्वरची मिरची, निपाणीचा तंबाखू, चंदगडचे काजू, आपल्या भागाची अर्धी बाजारपेठ त्या बंदरातून सुरू झाली. त्या नदीकाठी जाऊन अर्धा तास तरी बसाच.

बुधवारी सिंत्रा. रुसिओ स्टेशनवरून लोकल, पाऊण तासाच्या आत पोचते. पेना राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून वर चढायला अर्धा तास धरा. आमच्या शेजारच्या रांगेतल्या कुटुंबाची वेळ यामुळेच हुकली. सकाळची पहिली वेळ घ्या. स्टेशनवरून ४३४ नंबरची बस वर जाते.

जेवण

याच्यावर लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून मोकळेपणानं लिहिते. आम्ही शाकाहारी, मुलगी तेवढी अंडं खाते. पोर्तुगीज माणसाच्या ताटात मासा किंवा डुकराचं मांस असतंच. भाजीचं म्हणून येणाऱ्या काल्दु व्हेर्द सुपात सॉसेजची चकती टाकतात. म्हणून दोन शब्द पाठ करा: "सैं कार्न, सैं पैश", म्हणजे मांस नको, मासा नको. हॅम आणि सॉसेज वेगळं सांगा, कारण काही जण ते मांसात धरत नाहीत. सुप भाजीचं असलं तरी पाणी मांसाचं आहे का ते विचारा. 'पाश्टेल द नाता' या प्रसिद्ध गोडात अंडं असतं. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नाही. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे.

बरं काय मिळतं? पाव, आणि तो फार चांगला. बटाटा शंभर प्रकारचा. टोमॅटोभात, चीज, संत्री, चेरी. लिस्बनला लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, आलामेदा महात्मा गांधी नावाच्या रस्त्यावर. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारलेलं. त्यांच्या कँटीनमध्ये शाकाहारी थाळी मिळते, जायच्या आधी वेळ बघून घ्या. मार्तीं मोनिझ भागात डाळ, तांदूळ, मसाल्यांची आपल्याकडची दुकानं आहेत. आम्ही दोन रात्री खोलीवरच मुगाची खिचडी केली.

इथून नेताना एक नियम पाळा. बाहेरून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून कुंदा, पेढे, तुपातले लाडू, तुपाची बरणी घरीच ठेवा. मे महिना असला तरी आंबेही नेऊ नका, फळांना वेगळा दाखला लागतो. शेंगाची चटणी, ज्वारीची कडक भाकरी, भाजके चिरमुरे, लसणाचं तिखट घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घालायचं. कडक भाकरी आठ दिवस टिकली आणि कोइंब्राच्या स्टेशनवर तिनंच आम्हाला जेवू घातलं.

एक सुखाची गोष्ट. दुकानात सासूबाई बोटानं दाखवायच्या आणि शब्द जुळायचे: बटाटा, पाव, साबण, चावी, अननस, मेज. पोर्तुगीज उच्चार वेगळा, पण ओळख पटते. बिल देताना त्या "ओब्रिगादा" म्हणायच्या, पुरुषांनी "ओब्रिगादु" म्हणायचं. वडिलांच्या तोंडून लहानपणी ऐकलेला शब्द त्यांना साठ वर्षांनी कामाला आला.

पैसे काढायला 'मल्टीबांको' लिहिलेलं एटीएम वापरा. यंत्रानं "रुपयांत की युरोत" विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा भाव नेहमी वाईट असतो.

कोइंब्रा आणि पोर्तो

कोइंब्राला एकच रात्र, पण ती ठेवाच. विद्यापीठ १२९० सालचं, १५३७ पासून कायम इथं. विद्यापीठाच्या जुआनिना ग्रंथालयाचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, दहा-पंधरा मिनिटंच आत राहता येतं. पुस्तकं खाणारे किडे मारायला तिथं वटवाघळं राहतात आणि रात्री टेबलांवर चामडं पसरून ठेवतात. टेकडीवर जायला टॅक्सी, येताना उतारानं चालत. संध्याकाळी काळे झगे घातलेली मुलं गात होती. फादू म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, इथलं फादू परंपरेनं पुरुष गातात.

पोर्तोत साँव बेंतो स्टेशनच्या दालनात उतरलात की बॅगा बाजूला ठेवून वर बघा. निळ्या-पांढऱ्या जवळजवळ वीस हजार फरशांवर चित्रकार जॉर्ज कुलासुनं पोर्तुगालचा इतिहास रंगवला आहे. मग नदी, आणि १८८६ चा डोम लुईश पूल. वरच्या मजल्यावर मेट्रो आणि चालणारे, खालच्या मजल्यावर मोटारी. वरून पलीकडे जा, खालून परत या. नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गायात दारूची जुनी कोठारं आहेत. आम्ही ती बाहेरूनच बघितली. क्लेरिगुशच्या मनोऱ्याला दोनशेवर पायऱ्या आहेत, मुलगी चढली, आम्ही खाली चौकात बसलो. एक पूर्ण दिवस काहीही न ठरवता ठेवा. आमचा तो दिवस ट्रामनं समुद्रापर्यंत जाण्यात गेला आणि सासूबाईंना सगळ्यात तोच आवडला. इथं मेट्रोला फाटकं नाहीत म्हणून कार्ड टेकवायचं विसरू नका, तपासनीस येतो आणि दंड मोठा असतो.

सोमवारी विमानतळावर जायला मेट्रोची जांभळी लाइन आहे, अर्ध्या तासाची. घरी आल्यावर बोर्डिंग पास आणि हॉटेलच्या पावत्या पासपोर्टसोबत एका पाकिटात जपून ठेवा. २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, पुन्हा पुन्हा जाता येणारा व्हिसा मिळू शकतो. आमचं पाकीट देवघराच्या खणात आहे, आणि सासूबाईंनी त्यात एव्होराचा नकाशा घालून ठेवला आहे.